येथे सायकल दुरु

तीर्थस्वरूप काकांना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच घातला आहे, पोचला असं समजा).

तुमची तब्येत उत्तम असेल असं लिहायचं असतं, ते मी लिहिणार नाही. काकू फोनवर म्हणाली, आठ महिन्यांत तुम्ही दुकानात पाऊल टाकलेलं नाही, आणि काही विचारलं की ‘थकलोय, पडू दे’ म्हणून भिंतीकडे तोंड करता. मी येऊन गेले तेव्हा मलाही तेवढंच ऐकवलंत. डॉक्टरांचं नाव काढलं तर फोन आपटलात. तेव्हा त्या विषयावर मी आता एक अक्षर बोलणार नाही. हे पत्र निव्वळ माझ्या कामाची रड आहे.

काम असं. इथल्या मनोविकार विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी नैराश्यावर चार वर्षं अभ्यास करून दोनशे बारा पानांचा अहवाल लिहिला. तो आजवर तिघांनी वाचला, त्यातला एक छापणारा (तोही समासापुरता). बाईंच्या मनात आलं, हे सगळं एका चित्रात बसवून बाहेर जिथे पेशंट थांबतात त्या भिंतीवर लावावं, म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना तरी कळेल. मी म्हटलं, बसवते. पाट्या रंगवणाऱ्याची पुतणी आहे मी. माणूस रस्ता ओलांडेपर्यंत पाटी वाचून झाली पाहिजे, हे तुम्ही माझ्याकडून दोन वर्षं नुसते ब्रश धुवून घेऊन शिकवलंत.

पहिलं चित्र म्हणजे सात रंगांचा गोल आलेख. तो भिंतीवर लावून मी पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले (ही तुमचीच रीत, पाटी टांगायची आणि समोरच्या पायरीवर परक्यासारखं बसून लोक काय म्हणतात ते ऐकायचं). एका आजोबांना ते नंबर लागायचं वेळापत्रक वाटलं आणि ते पिवळ्या भागाची वाट बघत तासभर बसले. दुसऱ्यात मी मेंदू काढला, त्यात दातेरी चाकं. फरशी पुसणाऱ्या मावशींनी विचारलं, इथे पंपही दुरुस्त होतात का. तिसऱ्यात डोकं धरून बसलेला माणूस होता. त्या दिवशी औषधांच्या खिडकीवर अकरा जणांनी डोकेदुखीची गोळी मागितली, आणि तिथला माणूस माझ्याशी अजून बोलत नाही. त्यात बाईंचा आग्रह, प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ हवं आणि खाली तळटीप हवी. एकदा तर तळटीप इतकी वर चढली की चित्रातला माणूस गळ्यापर्यंत तिच्यात बुडाला. मी ‘बहुधा’ खोडायची, त्या पेन्सिलीने परत लिहायच्या. हट्टीपणात दोघी सारख्याच.

शेवटी इरेला पेटून मी अख्खा अहवाल वाचून काढला. एकशे साठाव्या पानाच्या पुढे कुठेतरी (इथवर तो छापणाराही पोचला नसावा) लिहिलं होतं, की बाईंना भेटलेल्यांपैकी फार थोडे ‘मी उदास आहे’ म्हणाले. बाकीचे थकलोय म्हणायचे. रोजच्या गोष्टी हातातून एकेक करून सुटत जायच्या आणि घरच्यांना त्याची सवय होऊन जायची. ते वाचून मी अहवाल मिटला आणि थोडी रडले, कारण हे मी पाहिलेलं होतं.

मग चौथं चित्र एका दुपारीत झालं. त्यात माणूस नाहीच. एक फळी आहे, तिच्यावर डब्यात वाळून दगड झालेले ब्रश, बंद पडलेलं घड्याळ, आणि भिंतीला टेकवलेली अर्धी पाटी, ‘येथे सायकल दुरु’. खाली मोठ्या अक्षरांत, ‘हा बहुधा आळस नाही. आत या, बोलू.’ (‘बहुधा’ बाईंचं. या वेळी मी ते खोडलं नाही.) मावशी पुसता पुसता त्याच्यासमोर थांबल्या. म्हणाल्या, “माझ्या लेकीचं शिवणयंत्र असंच पडलंय गं.” आणि बादली तिथेच ठेवून बाईंच्या खोलीत गेल्या.

आता अडचण तेवढी ऐका. कुणाच्या वस्तू चित्रात आल्या, तर त्या माणसाने स्वतः येऊन, डॉक्टरांसमोर अर्धा तास बसून संमतीची सही करायची, असा विभागाचा नियम आहे. पाटी कुणाची ते तुम्ही ओळखलंच असेल. गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. तुम्ही नको म्हणालात तर चित्र मी स्वतः उतरवीन, पण ते तिथे येऊन म्हणायचं.

काकूला नमस्कार.

तुमची,
ठिपकी

ता. क. : सायकलवाला आठ महिने पाटीशिवाय बसला आहे. दुसऱ्या कुणाकडून करून घे म्हटलं, तर म्हणाला, “मला घाई नाही. काकांना बरं वाटू दे.”

आणखी ता. क. : बुधवारी संध्याकाळी मी न्यायला येते. तुमच्या चपला काकूने आत्ताच दाराशी काढून ठेवल्यात.

शेवटचा ता. क. : विभागात असा काही नियम नाही. तो मी केला. तरी या.