राधाने भरलेली गाडी

द्वारका, नवी दिल्ली
गुरुवार

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. एक दिवसाआड फोन करणारा भाऊ अचानक पत्र का लिहितोय म्हणून घाबरू नकोस. चंदा बरी आहे, मी बरा आहे, आणि तुझा पहिला प्रश्न जो असतो, जेवण वेळेवर होतं का, त्याचंही उत्तर हो असंच आहे. या आठवड्यात फोनवर मी तीनदा सांगायला लागलो आणि तीनदा हवापाण्यावर घसरलो. लिहिताना निदान तू मध्येच कुकर बंद करायला उठणार नाहीस. पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवतोय.

आधी गाडीचं सांगतो. पिकअप विकली. त्या गाडीवरून चंदाशी दोन वर्षं घातलेला वाद तुला तोंडपाठ असेल, कारण दोघांच्या तक्रारी तूच ऐकायचीस. दिल्लीत डिझेलच्या गाडीचं आयुष्य दहा वर्षांचं, आणि आमची येत्या नोव्हेंबरात दहा पूर्ण करणार होती. चंदाचं म्हणणं, बाहेरच्या राज्यातलं गिऱ्हाईक मिळतंय तोवर आत्ताच काढ आणि सात सीटची गाडी घे. मी म्हणायचो, घरात माणसं दोन, सात सीटवर काय पाळीपाळीने बसायचं? शेवटच्या दिवसापर्यंत मी तीच चालवणार होतो. या शहरात मला उभं केलं ते तिनेच. आर. के. पुरममध्ये कुणाची बदली झाली, क्वार्टर बदललं, की मराठी घरांतून पहिला फोन मला येतो. सामान भरणं हे अक्कलहुशारीचं काम आहे, असं मी हाताखालच्या पोरांना नेहमी ऐकवतो. जड ते केबिनला टेकवून, फ्रिज उभाच, काच गाद्यांच्या मध्ये, आणि सगळ्यात शेवटी असं काहीतरी, जे बाकीच्याला अडवून धरेल. या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही असा मला गर्व होता. तो आता उतरलाय.

दत्तक घेण्यासाठी आम्ही नाव नोंदवलंय हे तुला माहीत आहे. चौथं वर्ष चालू होतं आणि मी मनातून आशा सोडली होती. तुला माहीत नाही ते असं, की त्या फॉर्ममध्ये भावंडं एकत्र चालतील का, असा एक रकाना होता आणि चंदाने तिथे हो म्हटलं होतं. मी न वाचता सही केली. दुसऱ्याच्या सामानाच्या यादीवर मी तीनदा वाचून सही करतो, आणि इथे बायकोने पुढे केलेल्या कागदावर डोळे झाकून. गेल्या महिन्यात निरोप आला. तीन भावंडं आहेत, अठ्ठेचाळीस तासांत कळवा. चंदाने फोटो पाहिला आणि हो म्हणाली, चहा गाळता गाळता. मी म्हटलं, अगं, तीन. ती म्हणाली, मोजता येतं मला. मला हो म्हणायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. मग आठवलं, ही बाई दोन वर्षं सात सीट सात सीट करतेय, आणि मी तिला वेड्यात काढतोय. तिला वेडं समजणारा नवराच किती शहाणा होता, ते तूच ठरव.

राधा नऊ वर्षांची, सोनू पाच, पिंकी तीन. हरियाणात वीटभट्टीवर आईवडील कामाला होते. दोघंही एका वर्षात गेले. मुलं ज्या संस्थेत आहेत ती इथून दोन तासांवर आहे. पहिल्या भेटीच्या दिवशी माझं सकाळचं एक काम लांबलं, म्हणून मी पिकअप घेऊन परस्पर तिकडे गेलो आणि चंदा कॅबने आली. मुलांना भेटलो. सोनूने माझ्या खिशातला पेन काढला आणि परत दिला नाही. पिंकी चंदाकडे टक लावून बघत राहिली. राधा थोड्या थोड्या वेळाने सोनू-पिंकीकडे नजर टाकायची, पातेल्यातलं दूध बघतात तशी. नंतर आम्हाला कागदांसाठी आत बोलावलं. मुलांना कुणीतरी सांगितलं होतं, हे तुम्हाला न्यायला आलेत. आजच नेणार नाहीत, अजून आठ-दहा दिवस लागतील, हे सांगायचं राहून गेलं. चूक कुणाची म्हणू? गाडी दारात उभी करणारा मीच होतो.

अर्ध्या तासाने बाहेर आलो तर अंगणात मुलं नाहीत. शोधाशोध झाली. ती गाडीत होती, ताई. मागे, हौद्यात. पिंकीला राधाने केबिनला टेकवून बसवलं होतं, जिथे वारा लागत नाही. तिच्या पाठीशी माझी ताडपत्री घडी करून ठेवलेली. सोनूला आतल्या बाजूला, चाकाच्या उंचवट्याला खेटून, आणि त्याच्या मुठीत माझ्या दोरखंडाचं टोक. आणि ती स्वतः सगळ्यात बाहेर, फाळक्याच्या कडेला, दोन्ही पाय आडवे लावून, कुणी घसरलंच तर तिच्यावर येऊन थांबेल अशी. तिघांचं मिळून एकच गाठोडं, ते तिने पिंकीच्या पायापाशी ठेवलं होतं. केबिनमध्ये बसायचं असतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण भट्टीवरून भट्टीवर जाताना ती नेहमी अशीच गेलेली. मी बघतच उभा राहिलो. वीस वर्षं गाड्या भरतोय, पण अशी नेमकी भरलेली गाडी मी पाहिली नाही. नऊ वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं असेल? आजही हे लिहिताना मी मध्येच थांबलोय.

मग त्यांना खाली उतरवावं लागलं. ते कसं केलं ते मला सांगता येणार नाही. चंदा समजावत होती की आज नाही, बेटा, कागद व्हायचेत, पुढच्या वेळी. राधाने आधी पिंकीला माझ्या हातात दिलं, मग सोनूला, आणि स्वतः उडी मारून उतरली. रडली नाही. माझ्याजवळ आली आणि अगदी व्यवहाराचं बोलावं तसं विचारलं, ‘‘अंकल, वज़न ज़्यादा हो गया क्या? मैं बाद में आ जाऊँगी. इन दोनों को ले जाओ.’’

चंदाने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की गाडीच छोटी आहे, तू नाही. परतताना मी पिकअप चालवत होतो आणि आरशात सारखा रिकामा हौदा दिसत होता. कधी विकायची, कधी विकायची, हा दोन वर्षांचा घोळ रस्त्यातच मिटला. दुसऱ्या दिवशी एनओसीसाठी अर्ज केला, पुढच्या चार दिवसांत राजस्थानातल्या एकाशी बोलणी पक्की. जुनीच पण धड सात सीटची गाडी घेतली. किल्ली देताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. कामाचं विचारशील तर मित्राचा टेम्पो भाड्याने घेऊन चालवतोय, अडत नाही.

परवा नवी गाडी घेऊन मुलांना भेटायला गेलो होतो. दार उघडून दिलं आणि म्हटलं, बसा कुठेही. राधा आत शिरली, थेट शेवटच्या रांगेत गेली, आणि कोपऱ्यातल्या एका सीटवर तिघं बसली. पिंकी मांडीवर, सोनू अर्धा सीटच्या कडेवर. पुढच्या सगळ्या जागा मोकळ्या. चंदाने विचारलं तर म्हणाली, बाकी सीट ज्यांच्या आहेत ते येतील ना. दुपारी जेवताना तिने आधी दोघांना भरवलं. चंदाने पिंकीला घास द्यायला हात पुढे केला, तर राधाने ताट हलकेच आपल्याकडे ओढलं. चंदाने हात मागे घेतला. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. तिला राग नाही आला, ताई, तिला धास्ती वाटतेय. मलाही वाटतेय. ही मुलगी आमच्या घरात राहील, पण मूल म्हणून राहील का, हे आम्हाला कळत नाहीये.

आई गेली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि मी तीन. बाबा दिवसभर कापसाच्या जिनिंगवर कामाला. मला कडेवर घेऊन तू शाळेत जायचीस आणि गुरुजी मला मागे तरटावर झोपू द्यायचे, हे गावातल्या लोकांकडून मी इतक्यांदा ऐकलं की मला ती एक गोष्टच वाटायची. मला आधी भरवून तू नंतर जेवायचीस, आणि मला वाटायचं की तुला भूकच उशिरा लागते. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत असंच वाटत होतं, परवा त्या ताटाकडे बघेपर्यंत. तुझ्यासाठी आलेली स्थळं तू का परतवलीस, ते मी कधी विचारलं नाही. आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी कधी मानले नाहीत, आणि आता मानले तर तू रागावशील. रविवारी सकाळी मुलांना आणायला जायचंय. तुझं तिकीट काढलंय, उद्या रात्रीची गाडी, अंगणवाडीच्या बाईंना मी फोन करून तुझी रजाही सांगितलीय, त्यावरून हवं तेवढं भांड. पण ये. राधाशी काय बोलायचं ते आम्हाला ठाऊक नाही, आणि जगात ज्यांना ठाऊक असेल अशा माणसांपैकी मी एकालाच ओळखतो. तिला सांग, मला कडेवरून खाली ठेवायला तेव्हा तुला कुणीतरी मदत करायला हवी होती. आणि कुणीच केली नसेल, तर तेही सांग, मी शेजारी बसून ऐकेन.

तुझाच,
धम्मपाल