काचेच्या घुबडाचं मूळ गाव

५ जुलै १९९९, लातूर
बारावीच्या बॅचमधली बुद्धप्रिया क्लास सुटल्यावर थांबली. रुमालात काचेचं घुबड. निळसर, मुठीएवढं. किल्लारीच्या भूकंपात तिची आई गेली, तेव्हा तंबूतल्या दवाखान्यात एका परदेशी सिस्टरनं हे तिच्या हातात दिलं. सिस्टरचं नाव तिला आठवत नाही. घुबड कुठल्या कारखान्याचं, किती जुनं, कळलं तर त्या गावाला पत्र टाकून सिस्टरला शोधायचंय. बुडाविषयी काहीतरी सांगत होती. थांबवलं. सरांना हिंट द्यायची नसते.
केमिस्ट्रीवाल्याला काच म्हणजे किस झाड की पत्ती. रविवारी निकाल.

६ जुलै, सकाळ
बायको घुबड घरात घेईना. अशुभ म्हणे. धुऊन घ्यायच्या अटीवर तयार झाली. कोमट पाण्यात सोडा टाकून भिजवलं. बुडाला कसलीशी मळकी चिठ्ठी होती, ती नखानं काढली. नव्या पातेल्याची काढतो तशी. आता कसं लख्ख.

संध्याकाळ
लायब्ररीतून जाड इंग्रजी पुस्तक आणलं. स्वीडन-फिनलंडकडे असले काचेचे प्राणी करतात. कारखाना आणि साल ओळखायचं तर बुडाची सही किंवा कागदी चिठ्ठी बघा, म्हणे. चिठ्ठीला पाणी लावू नका.
सही नाही. मोरीच्या जाळीत लगदा सापडला. त्यावर एक अक्षर, N. किंवा आडवा Z.
पुस्तक आधी वाचायचं नसतं, आधी स्वतः सोडवायचं, हे मीच पोरांना शिकवतो.

८ जुलै
चूक म्हणता येणार नाही. पुरावा थोडा विरघळला, एवढंच. बुद्धप्रियानं विचारलं. म्हणालो, प्रगती आहे.
उत्तर ठरवलं: स्वीडन, १९६२. बासष्ट का? माझं जन्मसाल. लक्षात राहतं.

१० जुलै
गंजगोलाईच्या बाजारात मडिवाळप्पा मशीननं भांड्यांवर नावं टाकून देतो. त्याला इंग्रजीत लिहून दिलं. काचेवर कधी टाकलं नव्हतं म्हणाला, पण बसला. मी रस्त्याकडे तोंड करून उभा, ओळखीचं कोणी येतंय का बघत. वळून बघतो तर बुडाला SWEDEN 1962, आणि वर, हाताच्या सवयीनं, ‘सप्रेम भेट’. खोडता येत नाही. वरचे दोन शब्द माझ्याकडून फुकट, म्हणाला.
विचार केला. भेटच तर होती. तपशील बरोबर आहे.

११ जुलै
घुबड परत दिलं. स्वीडनच्या काचपरंपरेवर थोडं बोललोही. तिनं ते उलटं केलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.
"सिस्टरला मराठी येत नव्हती, सर."
भूकंपात बरेच परदेशी मराठी शिकले, असं मी म्हणालो. का म्हणालो?
मग तिनं चिठ्ठीचं विचारलं. अक्षरं पुसट होती, पण भिंगातून सरांना लागतील, असं तिला वाटलं होतं.
"मी बुडाचंच तर सांगत होते, सर. इतक्या वर्षांत मी तिला पाणी लागू दिलं न्हाई."
रुमालात बांधून घेऊन गेली. जाताना नमस्कार केला. नसता केला तर बरं झालं असतं.

१२ जुलै
आज बॅचला नेमका काचेचा भाग होता. बुद्धप्रिया पहिल्या बाकावर, वही उघडून. फळ्याकडे तोंड करून सांगितलं, हा भाग परीक्षेला येत नाही.
सगळ्यांनी पानं उलटली. तिनं उलटलं नाही.