बिनलाईटीचा माग

अण्णा,

अव्वाला घेऊन मी कुंभारीला मावशीकडं चाललेय. भाकऱ्या दुरडीत आहेत.

तुझा टेप शोधू नकोस, आप्पांनी शेडमध्ये नेलाय. सकाळी लाईट गेली, सगळे माग बंद पडले. मी सेलवर तुझी जॉय डिव्हिजन बँडची कॅसेट लावली, तर आप्पा धावतच आले. "लाईट न्हाय, आन् माग कुटला चालू हाय गं?" मग उंबऱ्यावर बसून सगळी ऐकली. म्हणाले, "ढोलवाला लई पक्का हाय की! एक ठोका चुकत न्हाय."

मी टॉकिंग हेड्सचीही कॅसेट देत होते, पण त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "ती पंचाक्षरीला शेडात आणू दे."

दिवाळीत तू मागाला हात लावणार नाही म्हणालास, तेव्हापासून आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडी तुझं नाव आलं.

दाक्षू