भट्टीत मम्मी होती

पप्पा, तुम्ही होतात तेव्हा आपण दोघं चार वाक्यांच्या वर कधी बोललो नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी कागद घेऊन बसले आहे. हे दुपारचे झोपले आहेत. तुम्हाला ठाऊक नाही, तुमच्या जावयाला दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बँकेतून रिटायर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, कुठे कुठे फिरायला जायचं ते सगळं ठरलं होतं. आता बिछाना ते खुर्ची आणि खुर्ची ते बिछाना, एवढाच प्रवास. चर्चमधल्या बायका गुरुवारी प्रार्थनेला येतात, जाताना माझा हात हातात घेऊन म्हणतात, ताई, प्रभू तुम्हाला पारखतोय. मी चहाचे कप उचलते. परवा आमचे नवे पाळक आले होते, माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, पायात पांढरे बूट घालतात. म्हणाले, तुम्ही किती शांतपणे सगळं करता, येत्या रविवारी उपासनेत साक्ष द्याल का, तरुण कुटुंबांना फार उत्तेजन मिळेल. मी म्हटलं, बघते. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

तुम्ही मिशनच्या शाळेत पी.टी.चे सर. अख्खं मैदान तुमच्या शिट्टीवर चालायचं, आणि संध्याकाळी ती शिट्टी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली की आम्हाला कळायचं, सर घरी आले. तुम्ही वाईट माणूस होतात असं मी म्हणत नाही. दारू नाही, विडी नाही, पगार सगळा मम्मीच्या हातात. फक्त तुमचा पारा केव्हा चढेल याचा नेम नसायचा. नाताळच्या आधीची ती संध्याकाळ मला आजही दिसते. मम्मी करंज्या तळते आहे, तेल सोडून तिला उठता येत नाही, म्हणून तुम्ही त्या दिवशी कौटुंबिक प्रार्थना स्वयंपाकघरातच घेतली आहे. तुम्ही डोळे मिटून आजाऱ्यांसाठी मागणं करता आहात, एकेकाचं नाव घेऊन, आणि माझ्या धाकट्या भावाला उचकी लागली आहे. प्रत्येक आजाऱ्यागणिक एक उचकी. मी चौदा वर्षांची, हसू दाबता दाबता फुटले. तुम्ही डोळे उघडले, एक पाऊल पुढे आलात आणि माझ्या तोंडात मारलीत. मी पिठाच्या परातीवर आदळले. मग तुम्ही पुन्हा डोळे मिटले आणि जिथे थांबला होतात, त्याच आजाऱ्यापासून प्रार्थना पुढे सुरू केलीत. मम्मी करंजीची कड दुमडत राहिली. शेवटी सगळ्यांबरोबर मीसुद्धा आमेन म्हटलं, कारण म्हटलं नसतं तर काय झालं असतं ते ठाऊक होतं. असं पुष्कळदा झालं, पण मला आठवतो तो हाच दिवस.

पुढे माझं लग्न झालं, मी कोथरूडला आले आणि सुटले. मग मम्मीचे हात कापायला लागले. आधी चहा सांडायचा, मग चमचा तोंडापर्यंत जाईना, मग चालताना पाय जमिनीला चिकटायचे. कंपवात, डॉक्टर म्हणाले. तुम्ही तेव्हा नुकतेच रिटायर झाला होतात. मला वाटलं, आता मम्मीचं काही खरं नाही. हा माणूस तिच्या हातून सांडलेल्या चहावरून घर डोक्यावर घेईल. मी धाकट्याला फोनवर तसं बोललेही होते. एका रविवारी उपासनेनंतर तुमच्याकडे आले तर दार उघडंच होतं. मम्मी खुर्चीत बसली आहे आणि मागे उभे राहून तुम्ही तिची वेणी घालता आहात. तोंडात रिबीन धरलेली, कपाळाला आठ्या, मैदानावर रेषा आखताना असायचा तसा चेहरा. वेणी वाकडी होत होती, तुम्ही ती सोडवून पुन्हा घालत होतात, आणि मम्मी म्हणत होती, अहो, राहू द्या, मला कुठे लग्नाला जायचंय. तुम्ही म्हणालात, सावकाश होऊ दे, घाई कुणाला आहे. पप्पा, कुणालाही भरून आलं असतं. मला राग आला. इतका राग आला की मी आणलेला डबा ओट्यावर आपटला आणि बस चुकेल असं सांगून निघाले. घाई नाही म्हणणारा हा माणूस आमच्या वेळी कुठे होता, एवढंच सगळ्या वाटेत डोक्यात चाललं होतं.

पुढची सगळी वर्षं तुम्ही तिचं केलंत. भाकरी शिकलात. तिचा घास मऊ करून भरवलात, कपडे धुतलेत, रात्री तीन तीनदा उठून तिला कुशीवर वळवलंत. तुमचा आवाज खाली आला तो आलाच. धाकटा तुमच्याजवळ राहायचा, तो सांगायचा, ताई, पप्पा आता ते पप्पा नाहीत. चर्चमध्ये तर तुमचं उदाहरण द्यायची पद्धतच पडली. कुणी ना कुणी मला गाठून म्हणायचं, बघ बेबी, प्रभूने तुझ्या पप्पांना भट्टीतून कसं तावून सुलाखून काढलं. मी मान हलवायचे. मनात मात्र म्हणायचे, भट्टीत मम्मी होती, सोनं मात्र पप्पांचं झालं. हे मी देवालाही विचारलं, अगदी तोंडावर. एका माणसाचा राग घालवायला दुसऱ्या माणसाचे हातपाय काढून घ्यायचे, ही कुठली रीत? दुःखाने माणूस शुद्ध होतो हे मी लहानपणापासून ऐकलं आहे, संडे स्कूलमध्ये दुसऱ्यांना शिकवलंही आहे. पण तो शुद्ध होईपर्यंत ज्यांनी सोसलं, त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. धाकट्याच्या वाट्याला तुम्ही पुन्हा आलात, नातवंडांच्या वाट्याला तर फक्त बदललेलेच आलात. मला मिळाले होते ते आधीचे, आणि ते परत करायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर मला तुमचा बदल खोटा ठरायला हवा होता.

मम्मी गेली त्याला वर्ष झालं तेव्हा तुम्ही चर्चमध्ये स्मरणार्थ उपासना ठेवलीत. मी दुसऱ्या बाकावर बसले होते, शेजारी हे आणि मुलगी. गीत झालं, वाचन झालं, आणि तुम्ही साक्ष द्यायला उठलात. आपल्यात हे नेहमीचंच आहे, माणूस उठतो, माईकपाशी जातो, देवाने काय काय केलं ते सांगतो, लोक आमेन म्हणतात. तुम्ही म्हणालात, मी फार रागीट माणूस होतो. बायकोच्या दुखण्यात देवाने मला माझाच चेहरा दाखवला. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, माझी मुलगी इथे बसली आहे, सर्वांसमोर मला तिची... आणि माझा ताबा सुटला. सगळ्या माना वळलेल्या, सगळे डोळे आधीच ओले, मी उठून तुमच्या गळ्यात पडायची वाट बघत असलेले. आता मी रडले नाही तर मीच कठोर ठरणार होते. मी उठले आणि म्हटलं,

"घरात मारलंत. माफी माईकवर कशाला मागता?"

माईक माझ्याकडे नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. मी मुलीचा हात धरून बाहेर पडले. हे मागून धावत आले आणि रिक्षा थांबवली. धाकट्याने नंतर सांगितलं, तू गेल्यावर पप्पा तसेच उभे राहिले, मग जाऊन बसले. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत घेतलं. मला बरेच दिवस त्या वाक्याचा अभिमान वाटत होता. मैत्रिणींना सांगितलंही, कसं सुनावलं म्हणून.

तुम्ही मात्र ते वाक्य मनावर घेतलंत, आणि खरंच घेतलंत. तीनेक महिन्यांनी तुम्ही दोन बस बदलून एकटेच कोथरूडला आलात, न सांगता, हातात पेरूंची पिशवी. घरात मी एकटीच. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला नाहीत, सरळ स्वयंपाकघरात आलात आणि ओट्यापाशी उभे राहिलात. मी चटणीची तयारी करत होते. तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "बेबी, तू म्हणालीस ते बरोबर होतं. म्हणून घरी आलो. मला असं सांगायचंय की..." आणि मी मिक्सर लावला. खोबरं केव्हाच बारीक झालं, तरी मी झाकणावर हात दाबून उभी. तुम्ही थांबलात. मिक्सर थांबेल म्हणून थांबलात. तो थांबेना तेव्हा पेरू पिशवीतून एकेक काढून टोपलीत ठेवलेत, पिशवीची घडी करून खिशात घातलीत, आणि माझ्या पाठीवर हात ठेवावा की नाही अशा विचारात क्षणभर उभे राहून निघून गेलात. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तुम्हाला.

त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत. नाताळला यायचात, नातीला ती जुनी शिट्टी वाजवू द्यायचात, तिच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायला खाली बसायचात. एका पहाटे धाकट्याचा फोन आला, झोपेतच गेलात. माती देताना लोक रडत होते आणि मी कोरडी होते. माझी मुलगी आता नोकरीसाठी बंगलोरला असते. मागे तिने विचारलं, मम्मी, आजोबा कधी कुणाला रागवायचे का गं? मी म्हटलं, नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुमच्यावरचा राग मी शोधायला गेले तर सापडत नाही. केव्हा गेला, माहीत नाही. मला तो जाताना दिसला असता तर धावत तुमच्याकडे आले असते, पण तोवर तुम्ही कब्रस्तानात होतात. हे जे राहून गेलं, त्याला आता कुठेच जागा नाही, पप्पा. प्रार्थनेतही मला ते नीट मांडता येत नाही.

आता कालचं सांगते. ते सांगायलाच बसले होते, आणि इतकं लांबण लावलं. ह्यांना दुपारी आमटीभात भरवत होते. सकाळपासून तिसऱ्यांदा चादर बदललेली. ह्यांना घास नको होता, तोंडाने सांगता येईना, म्हणून डाव्या हाताने वाटी ढकलली. आमटी चादरीवर, माझ्या साडीवर, जमिनीवर. आणि माझा हात वर गेला. मारण्यासाठीच गेला, पप्पा, दुसऱ्या कशासाठी नाही. ह्यांनी डोळे गच्च मिटले. एवढा मोठा माणूस, मान खांद्यात ओढून घेतलेली. मी तोच हात स्वतःच्या केसांवरून फिरवला, जणू केसच सावरायचे होते. थोड्या वेळाने ह्यांनी डोळे उघडले आणि त्या जड जिभेने म्हणाले, "असू दे."

लोक म्हणतात मी शांत आहे. मी दिवसेंदिवस कडवट होत चालले आहे. मनातल्या मनात ह्यांना जे बोलते ते तुम्हीही कधी आम्हाला बोलला नाहीत. पारख चालली असेल तर निकाल मला दिसतो आहे. म्हणून तुमची आठवण येते. तुमचा हातही मम्मीवर एकदा असाच गेला असेल, त्या आजारपणाच्या पहिल्या दिवसांत, चहा सांडल्यावर. तो तुम्ही खाली कसा घेतलात? दुसऱ्या दिवशी काय केलंत? वेणी घालायला लागण्याआधी तुमच्या मनात काय काय येऊन गेलं? हे मला सांगू शकेल असा एकच माणूस होता. तो माझ्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला होता, आणि त्याला काय सांगायचं होतं ते मला आता कधीच कळणार नाही.

सकाळी पाळकांना फोन करून कळवलं, रविवारी साक्ष द्यायला जमणार नाही, पाठ फार धरली आहे. त्यांनी फोनवरच माझ्या पाठीसाठी प्रार्थना केली. पाठ ठणठणीत आहे, पप्पा. कालचा तो हात लोकांपुढे उभं राहून सांगायची माझी छाती नाही. तुमची होती. हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं, मी बाकावरच बसून राहिले असते.