कौशल्याची हजेरी

अब्बा, सलाम.

संध्याकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "कॉलेजात काय नवीन?" मी "काही नाही" म्हणाले. खरं तर आज मी कौशल्याला परीक्षेला बसू दिलं नाही. धायरीहून येते, रात्रपाळीची नर्स आहे, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. प्रश्न असे विचारते की मलाच घरी जाऊन वाचावं लागतं. पण परीक्षेला सत्तर टक्के हजेरी लागते, तिची निम्मीसुद्धा नाही.

"नियम बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "पण रात्रभर वॉर्डात उभं राहिल्यावर सकाळी डोळे उघडत नाहीत."

मला तुम्ही आठवलात. दिवसभर छापखान्यात राबून तुम्ही वकील झालात. वर्गात तुमच्या नावाला मित्र 'हजर' म्हणायचे, हे तुम्ही अजून हसत सांगता. तेव्हा नियम असा कडक असता, तर आज मी इथे शिकवत नसते.

मग अम्मीची बहीण, मेहनाजखालाही आठवली. तिचा खटला तुमच्याकडेच होता; अपिलाची मुदत वर्गात शिकवली तेव्हा तुम्ही नव्हतात, म्हणून ती तुम्हाला ठाऊक नव्हती आणि तिचं कसब्यातलं घर गेलं. हे तुम्ही नाही, अम्मीनं सांगितलं. म्हणूनच हे पत्र मी टपालात टाकणार नाही.

नियम हवा की नको, मला खरंच कळेनासं झालंय. कौशल्याला म्हटलं, "रविवारी माझ्या घरी या, मी शिकवते."

"त्याची हजेरी धराल?"

"नाही."

तिनं पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "किती वाजता येऊ?"

मला रडू आलं, अब्बा. कशाचं, ते अजून उमगलेलं नाही.

तुमची,
बिलकिस