सही वर्षभर चालते

४ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. संकल्प: पहाटे पाचला उठणे (उद्यापासून). चारही विषयांत पहिला वर्ग. रोज तीन किलोमीटर चालणे. मेल आल्या दिवशीच वाचणे. छत्तिसाव्या वर्षी बँकेतली नोकरी सोडून परदेशात शिकायला आलोय, पोरखेळ नाही.

शुक्रवारी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसचं व्याख्यान झालं. विषय: स्टुडंट व्हिसा कसा टिकवायचा. लाल स्वेटरवाल्या एक बाई तासभर बोलल्या. टर्मला चार विषय हवेतच. एखादा सोडायचा तर आधी ऑफिसची परवानगी. देशाबाहेर जाऊन परत यायचं तर कागदावर ऑफिसची सही. बाकीची पोरं वहीत उतरवून घेत होती. मी नुसता हसत होतो. अकरा वर्षं लोकांचे कागद तपासलेत मी. नियम माझ्या अंगात मुरलेत.

१० सप्टेंबर
पाचला उठणं पुढच्या सोमवारपासून.

घरात आम्ही तिघं, प्रत्येकाला एक खोली, बाथरूम एकच. एक ढापण्या. वय चोवीस, कॉम्प्युटर शिकतो, मला काका म्हणतो. दोनदा बजावलं, फरक नाही. दुसऱ्या सिस्टर. नर्सिंगचं मास्टर्स करतात, दुसरं वर्ष. त्यांची सहा वर्षांची मुलगी तिकडे आजीकडे असते. नवरा नाही. का नाही ते मी विचारलं नाही. पदवी मिळाली की इथेच नोकरी आणि मग मुलीला आणायचं, असा त्यांचा बेत आहे. मला साहेब म्हणतात. समंजस बाई.

१७ सप्टेंबर
स्टॅटिस्टिक्स सोडलं. मास्तर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि फळ्याकडे तोंड करून बोलतो. तीन तासांना बसलो, तिन्ही वेळा अक्षर कळलं नाही. दोष शिकवण्याचा.

ऑफिसची परवानगी आधी घ्यायला हवी होती का? विचार केला. कॉम्प्युटरवर ‘विषय सोडा’ असं बटण आहे. मी दाबलं. विषय गेला. नियमात बसत नसतं तर बटण दाबलंच गेलं नसतं. तरी सोमवारी ऑफिसात जाऊन येईन. औपचारिकता.

२० सप्टेंबर
ऑफिसची मेल. वर लिहिलंय: तातडीचे. अशा मेल सगळ्यांना जातात. उघडली नाही, पण ‘सवडीने’ नावाचा फोल्डर करून त्यात नीट ठेवली. व्यवस्थितपणा म्हणजे हाच.

१ ऑक्टोबर, रविवार
हल्ली रविवारी सकाळी माझ्याकडे रांग असते. खालच्या मजल्यावरची दोन पोरं, ढापण्याचा मित्र. काका, पत्ता बदलला तर कळवावं लागतं का? काका, आठवड्याला किती तास काम चालतं? स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उत्तरं देतो. बँकेत दार लोटून आत येणाऱ्यांची आठवण होते. एका पोराला चांगलं फैलावर घेतलं: ऑफिसच्या मेल वाचत नाहीस म्हणजे काय? उद्या घरी पाठवतील तेव्हा कळेल. पोरगा पांढराफटक पडला. लगेच खिशातून फोन काढून वाचायला लागला.

३ ऑक्टोबर
दुसरी मेल. फोल्डरमध्ये.

८ ऑक्टोबर
हिला पत्र लिहायचं राहिलं. फोन केला. विचारत होती, चारही विषय झेपतायत ना? म्हटलं, अगदी. आता सांगून तिच्या डोक्याला ताप कशाला. जानेवारीत पाच विषय घेईन, हिशेब बरोबर.

१६ ऑक्टोबर
ऑफिसातून फोन आला होता. मी अंघोळीला होतो. म्हणजे जाणारच होतो. फोन वाजला तसा गेलो.

२४ ऑक्टोबर
सहावी मेल. नुसतं वरचं वाचलं तरी ‘अंतिम’ हा शब्द दिसतो. सरकारी भाषा अशीच असते. मीही लोकांना अंतिम सूचना पाठवायचो. पहिल्या अंतिम सूचनेनंतर निदान तीन तरी जायच्या.

जेवण गेलं नाही. हवा बदलतेय.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
सिस्टर टेबलाशी येऊन बसल्या. मुलीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. तिरळेपणा आहे, वय वाढलं तर उपयोग नाही म्हणाले डॉक्टर. पाच नोव्हेंबरला जाऊन अठराला परत यायचं. युनिव्हर्सिटीने रजा दिली आहे. कागद पुढे केला. साहेब, एवढं बघा ना.

बघितलं. प्रवासाची सही मागच्या वर्षीची, तेरा नोव्हेंबरची. त्या म्हणाल्या, वर्षभरच चालते ना? मग परत येताना पाच दिवस जुनी नाही का होणार? मी म्हटलं, सही वर्षभर चालते. वर्ष म्हणजे शैक्षणिक वर्ष. मेपर्यंत काळजी नको.

खात्रीने बोललो. बोलता बोलता मलाही पटलं.

तरी त्या म्हणाल्या, शुक्रवारी एक ते दीड मला वेळ आहे, तुम्ही येता का ऑफिसात बरोबर? माझं इंग्रजी त्या काउंटरवर गेलं की अडतं. म्हटलं, उगाच कशाला? ऑफिसवाल्यांना विचारायला गेलं की ते फाइल उघडतात आणि मग दहा गोष्टी काढतात. नसती आफत.

गेलो असतो तसा. पण त्या स्वेटरवाल्या बाईंनी मला बघितलं असतं तर गप्पा लांबल्या असत्या, आणि सिस्टरांचा अर्धाच तास होता.

५ नोव्हेंबर
सिस्टर गेल्या. जाताना बॅगेत मुलीसाठी रंगीत चष्म्यांचं खेळणं घेतलं होतं. पट्टी निघाली की घालील म्हणाल्या. मी त्यांची बॅग खाली नेऊन दिली. एक जिना. चालणं धरायचं का यात?

११ नोव्हेंबर
ऑपरेशन चांगलं झालं. सिस्टरांनी ढापण्याला फोटो पाठवला. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा डोळा हसतोय. ढापण्याने मला दाखवला. मी म्हटलं, छान.

१८ नोव्हेंबर, दुपारी ४
सिस्टर दुपारी बाराला यायच्या होत्या. मी भात टाकून ठेवला होता.

तीनला ढापण्याला त्यांचा फोन आला. विमानतळावर अडवलं. अधिकाऱ्याने कागद बघितला, सहीवर बोट ठेवलं, म्हणाला ही संपली. सिस्टरांनी सांगितलं, शैक्षणिक वर्ष धरायचं. त्याने विचारलं, कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, घरातल्या एका जाणत्या माणसाने. अधिकाऱ्याने युनिव्हर्सिटीला फोन लावला. शनिवार. कुणी उचलला नाही. बिनखिडक्यांच्या खोलीत बसवलंय. ढापण्या कळवळून मला म्हणाला, काका, तुम्ही जाणते ना, करा ना काहीतरी.

मी खोलीत येऊन हे लिहितोय.

१९ नोव्हेंबर
परत पाठवलं त्यांना. आल्या त्याच कंपनीच्या विमानाने.

शांतपणे विचार केला. अधिकारी हट्टी निघाला. दुसऱ्या काउंटरवर असत्या तर निभावलं असतं. शिवाय त्यांनी बोलायला हवं होतं ठामपणे. आवाज पडला की समोरचा चढतो. मी असतो तर...

२० नोव्हेंबर, सोमवार
संकल्प: आज ऑफिसला सिस्टरांच्या बाजूने कडक पत्र लिहिणे. चार मसुदे केले. तिसरा फार चांगला झाला. पण पाठवायचं तर खाली माझं नाव घालावं लागतं.

तोवर ढापण्या स्वतःच जाऊन आला. वर्ष म्हणजे तारखेपासून तारखेपर्यंत. निघण्याआधी आल्या असत्या तर दोन मिनिटांचं काम, अपॉइंटमेंटही लागत नाही. आता नवा व्हिसा, नवी मुलाखत, ही टर्म वाया, हॉस्पिटलमधले प्रॅक्टिकलचे तास पहिल्यापासून. जागा पुढच्या सप्टेंबरपर्यंत राखतील, नक्की सांगत नाहीत.

मग म्हणाला, काका, ताईने तुम्हाला बरोबर या म्हटलं होतं. का नाही गेलात? मी म्हटलं, परीक्षा होती. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझी परीक्षा कधी असते ते फ्रिजवर लावलेलं आहे.

२३ नोव्हेंबर
लायब्ररीचं दार माझं कार्ड घेत नाही. मशीन बिघडलंय. माझ्यामागून तीन मुलं आत गेली.

२७ नोव्हेंबर
टपालाने पत्र. सही करून घ्यावं लागलं. जिन्यातच उघडलं. माझा स्टुडंट व्हिसाचा दर्जा चोवीस ऑक्टोबरपासून रद्द.

चुकून आलं असेल. उद्या जाऊन बघतो.

२८ नोव्हेंबर
गेलो. दारातून आत जायला दहा मिनिटं लागली. गर्दी नव्हती.

लाल स्वेटरवाल्या बाई आज निळ्या स्वेटरात. ओरडतील म्हणून तयारीने गेलो होतो. ओरडल्या नाहीत. स्क्रीन माझ्याकडे वळवला. सहा मेल, सहाही न उघडलेल्या. म्हणाल्या, पहिल्या मेलनंतर आला असता तर एका फॉर्मवर काम झालं असतं. आम्ही वाट बघत होतो.

मग त्यांनी विचारलं, दर्जा परत मागायचा अर्ज करता येतो, पण कारण तुमच्या हाताबाहेरचं लागतं. आजारी होता? घरात कुणी गेलं? त्या पेन धरून थांबल्या. खरंच थांबल्या. मी आठवून बघितलं. सर्दी झाली होती, तीही ऑगस्टमध्ये.

मग म्हणाल्या, पंधरा डिसेंबरच्या आत स्वेच्छेने निघून जा, पुढे त्रास कमी होईल.

स्वेच्छेने. शब्द चांगला आहे. घरी तसंच सांगावं.

३ डिसेंबर
हिला फोन. म्हटलं, काही काळ घरूनच अभ्यास करायचं ठरवलंय, तब्येतीलाही बरं. मग म्हणाली, अहो, ठरवलंय की काढलंय?

म्हटलं, लाइन नीट नाही.

म्हणाली, मला नीट ऐकू येतंय.

५ डिसेंबर
सिस्टरांचा फोन. सतरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी. आधी मी विचारलं, मुलगी कशी आहे? पट्टी निघाली म्हणाल्या. मग मी घरी येतोय हे ढापण्याकडून कळलं म्हणाल्या. नाताळची सुट्टी का? मी हं केलं. त्यांची खोली रिकामी करायची आहे, दोन बॅगा आणाल का?

आणीन की.

रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही चांगल्या मनाने सांगितलंत साहेब, माझंच नशीब. आणि ठेवता ठेवता: निघण्याआधी स्वतःचा कागद नीट बघा हं. सहीची तारीख बघा. मला अनुभव आलाय.

६ डिसेंबर
सिस्टरांची खोली आवरली. युनिफॉर्म तीन, इस्त्रीचे. जाडी पुस्तकं. भिंतीवर मुलीने काढलेलं चित्र: विमान, त्याच्या खिडकीत दोन डोकी. चिकटपट्टी सोडवताना कोपरा फाटला. ढापण्या दारात उभा राहून बघत होता. मदतीला आला नाही. कायमचा निघालोय हे त्याला अजून सांगितलेलं नाही, पण फ्रिजवरचं माझं वेळापत्रक त्याने काढून टाकलंय.

१२ डिसेंबर, विमानतळ
बाहेर जाताना विचारतील म्हणून उत्तरं घोकली होती. इंग्रजीत, तीन प्रकारची. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, मिटला, पुढे सरकवला. अर्धं मिनिट. काही विचारलं नाही. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मागच्याने ढकललं.

१७ डिसेंबर
सिस्टरांच्या गावी बॅगा पोचवल्या. बसने चार तास. हिने बरोबर यायची तयारी दाखवली होती, मीच नको म्हटलं.

दोन खोल्यांचं घर. दार आजींनी उघडलं. मुलगी माझ्याकडे बघून आत पळाली. दोन्ही डोळे सरळ. सिस्टरांनी चहा ठेवला. गावातल्या दवाखान्यात रात्रपाळी करतात सध्या, डोळे ओढलेले होते. मुलाखतीची तारीख मार्चची मिळाली म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुमची सुट्टी किती दिवसांची?

बसमध्ये ठरवून आलो होतो की महिनाभराची म्हणायचं. तोंडातून वेगळंच निघालं. म्हटलं, मी परत जात नाही. माझा दर्जा गेला.

त्या हातातलं गाळणं खाली ठेवून खुर्चीवर टेकल्या. अगं बाई! कधी?

चोवीस ऑक्टोबरला. पण मेल सप्टेंबरपासून येत होत्या. मी एक विषय सोडला होता.

खरंच हळहळल्या. किती वाईट झालं हो साहेब, म्हणाल्या. सांगितलं असतंत तर आपण दोघांनी जाऊन त्या बाईंना... इथे थांबल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं, तिकडे बघितलं. डिसेंबरच्या पानावर काय दिसणार. पण बघत राहिल्या.

म्हणजे मी शुक्रवारी चला म्हणत होते, तेव्हा तुम्ही...

मी मान हलवली. हो अशी.

आजींनी विचारलं, काय झालं गं? सिस्टर म्हणाल्या, काही नाही. उठल्या, चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला आणि बॅगा एकेक करून आत ओढत नेल्या. मी हात लावायला उठलो तर म्हणाल्या, राहू दे.

मग बाहेर आल्याच नाहीत. आतून मुलीला जेवायला वाढल्याचे आवाज येत होते. आजी माझ्याकडे बघून हसत होत्या, पाहुण्याकडे बघून हसतात तशा.

चहा प्यायलो. न पिता उठायला हवं होतं बहुतेक. पण साखर अगदी बेताची होती, मला लागते तशी. सगळा प्यायलो.