वासेमाथाची उजवी मांडी

३ जून, सोमवार

एमोसी मूर्ख आहे. गावच्या मुलींना रग्बी शिकवतो म्हणून स्वतःला डॉक्टर समजतो. माझ्या नातीच्या उजव्या मांडीमागचा स्नायू फाटून तीन आठवडेही झाले नाहीत, आणि हा फाटकातून ओरडतो, "काय गं वासेमाथा, अजून लोळतेयस? एकोणतीसला निवड-सामने! प्रांताच्या संघात जायचंय की आजीच्या कुशीत बसायचंय?"

मी बाहेर गेले. "तिला मी उभी करते. तुझ्या मालिशच्या तेलाने नाही, तुझ्या शिव्यांनी नाही. योगासनांनी."

हसला. "बाई, ही रग्बी आहे. डोळे मिटून बसायचा खेळ नाही."

ह्याला चौथीत गणित मीच शिकवलं. तेव्हाही हसायचा. नापास व्हायचा.

५ जून

पहाटे पाचला सभाघरात वर्ग सुरू केला. नऊ मुली आल्या. राजधानीत, सुवाच्या कॉलेजात हॉकी खेळताना माझा गुडघा गेला होता, तेव्हा माझ्याच खोलीत राहणाऱ्या कमलावतीच्या आईने हेच शिकवलं. त्याच गुडघ्याने मी आजही टेकडी चढते.

वासेमाथा चटईवर पाठीवर. पावलाला सुलूची, कमरेला गुंडाळायच्या कापडाची, पट्टी अडकवून पाय हळूहळू वर. ताण लागला की थांब, कळ आली की चुकलीस.

"बुबू, याने मी पळणार?"

"याने तू आधी नीट चालणार."

तोंड वाकडं केलं. पण थांबली बरोबर जागी!

९ जून, रविवार

पाद्रीबुवा आज परक्या देवांपुढे वाकणाऱ्यांवर बोलले. माझ्याकडे बघून. मी पहिल्या बाकावर, पाठ ताठ. ती या वयात ताठ कशी, ते त्यांनी विचारलं नाही.

१२ जून

चूक झाली. माझीच. मुलींना पाय भिंतीला टेकवून झोपवलं, आणि भिंत निवडली ती वरच्या अंगाची — जिथे आमचे प्रमुख रातू इनोके बसतात! नऊ जणींचे अठरा पाय त्यांच्या जागेकडे. साठ वर्षं या सभाघरात वाकून वावरले, आणि आज बघितलं काय, तर भिंत सपाट आहे ना. रातूंच्या बहिणीने दारातून पाहिलं. दुपारपर्यंत गावभर.

१३ जून

रातूंकडे यांगोनाची मुळं घेऊन गेले; माफी मागायची तर ती पुढे ठेवावी लागतात. सगळ्यांसमोर खाली बसून माफी मागितली. रातूंनी मुळांना हात लावला. माफी मिळाली.

मग म्हणाले, "आता तो वर्गही बंद कर."

"माफी पायांची मागितली, रातू. वर्गाची नाही."

मागून एमोसी — "आणि एकोणतीसला पोरगी पळाली नाही तर?"

"तर वर्ग मी स्वतः बंद करीन."

बोलून गेले. गेले तर गेले. पळेल ती!

२१ जून

मैदानाला सावकाश सहा फेऱ्या. कळ नाही. सेतुबंध एका पायावर, पाठीवर पडून कंबर उचललेली — उजवा बारा अंकांपर्यंत टिकला. तीस हवेत. तिसाशिवाय वेगाने पळायचं नाही, हा माझा नियम. कुणालाही सूट नाही. एमोसी हल्ली फाटकातून ओरडत नाही.

२५ जून

पंधरा.

२८ जून, शुक्रवार

डावा तीस. उजवा — सतराला मांडी थरथरली, कंबर एका अंगाला खचली. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "ठीक आहे. उद्या बूट घाल."

जेवण केलं नाही, उकडलेला टॅरोचा कंद तसाच भांड्यात आहे.

२९ जून

सामना सुरू व्हायच्या आधी वासेमाथा एमोसीसमोर जाऊन उभी राहिली. बूट हातात. सगळं गाव कडेला बसलेलं, रातूही.

"मी पळणार नाही. मांडी तयार नाही. काल बुबूने पाहिलं, आणि तरीही बूट घाल म्हणाली."

एमोसी माझ्याकडे वळला. आज हसला नाही. "खरं का, बाई?"

"खरं."

सभाघराची किल्ली रातूंच्या हातात देऊन आले.